निखळलेला खांदा आणि जपलेला हात

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "काहीही बोला, पण वीस मिनिटांच्या आत आटपा." मी म्हटले, "मग मी खांद्यावर बोलते." त्यांना वाटले, संसाराचा भार खांद्यावर कसा पेलावा असे काहीतरी मी सांगणार! तसे काही नाही. मी बोलणार आहे ती आपल्या हाडामांसाच्या खांद्याविषयी, ज्याने आपण वेणी घालतो आणि दोरीवर कपडे वाळत टाकतो.

मी डॉक्टर नाही, परिचारिका नाही. शाळेत भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला. ह्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की पोटच्या मुलीचा निखळलेला खांदा मी आठ महिने चुकीच्या तऱ्हेने जपला, आणि त्या जपण्याने काय होते ते डोळ्यांनी पाहिले.

माझी धाकटी खो-खो खेळायची. चांगली खेळायची, आईचे कौतुक म्हणा हवे तर. नोव्हेंबर २०१४ मधली गोष्ट, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. समोरच्या मुलीला बाद करायला तिने सूर मारला. उजवा हात वर ताणलेला होता, तो तसाच जमिनीवर आपटला आणि अंगाचा सगळा भार मागून त्याच्यावर आला. मी मैदानावर पोचले तेव्हा ती डाव्या हाताने उजवे कोपर धरून बसली होती. रडत नव्हती, पण ओठ पांढरे पडले होते. खांद्याची गोलाई नाहीशी होऊन तेथे पायरीसारखा कोपरा दिसत होता. एक जाणते म्हणवणारे गृहस्थ पुढे आले, "ओढला की बसतो" म्हणाले, त्यांनी ओढला, आणि खरोखरच बसला. मी त्यांच्या पाया पडायची तेवढी राहिले.

आज तसे घडले तर मी कोणाला त्या हाताला शिवू देणार नाही. निखळताना कधी हाडाचा टवका उडालेला असतो, कधी काखेजवळून जाणारी नस ताणलेली असते. दंडाच्या बाहेरच्या अंगाला, शाळेतल्या गाईडच्या मुली जेथे बिल्ला लावतात साधारण त्या जागी, स्पर्श कळतो की नाही हे डॉक्टर सांधा बसवण्याआधी पाहतात. ती जागा बधिर असली तर नसेला इजा झाली असा संशय घेतात. आडदांडपणे ओढल्याने नसलेली मोड व्हायची. हात ज्या स्थितीत त्यातल्या त्यात सुसह्य वाटतो त्याच स्थितीत ओढणीने बांधावा, हवी तर काखेत उशी द्यावी, आणि दवाखाना गाठावा. घरच्यांचे काम तेवढेच.

दवाखान्यात एक्स-रे निघाला, मोडलेले काही नव्हते. "तीन आठवडे झोळीत ठेवा, मग व्यायाम सुरू करा," असे सांगितले. ह्यातले पहिले वाक्य मी ऐकले. दुसरे कानावर आले, पण आत शिरले नाही. तीन आठवड्यांची झोळी मी सात आठवडे ठेवली, आणि ती निघाल्यावर घरात एक कायदा केला: हात वर करायचा नाही. तिची वेणी मी घालू लागले, मागची हुके मी लावू लागले, दप्तर तिचा भाऊ उचलू लागला. वरच्या फळीवरचा डबा घ्यायला ती टाचा उंचावते न उंचावते तोच मी माजघरातून ओरडायची, "अगं, हात!" सासूबाई एकदा म्हणाल्या, "सूनबाई, पोरीचे नाव बदलून 'हात' ठेवले आहेस की काय?" सगळे हसले. मीही हसले, पण कायदा काही सोडला नाही.

आणि एवढे करून जुलै २०१५ मध्ये खांदा पुन्हा निखळला. पावसाची सर आली म्हणून ती धावत गच्चीवर गेली, दोरीवरची चादर ओढली, आणि हात जागच्या जागी अडकला. सूर नाही, पडणे नाही, कोणाचा धक्का नाही. एक ओली चादर!

ह्या खेपेला आम्ही अस्थिरोगाच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सांधा बसवला, आणि काही दिवसांनी तपासायला बोलावले. ती तपासणी मला अजून दिसते. त्यांनी तिला उताणे निजवले, कोपरात वाकवलेला हात खांद्याच्या रेषेत बाजूला नेला, आणि पंजा हळूहळू डोक्याकडे मागे वळवू लागले. मौज अशी, की ते खांद्याकडे पाहतच नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. एका ठिकाणी तिच्या भुवया आक्रसल्या, तिने दुसऱ्या हाताने खाटेची कड धरली आणि म्हणाली, "पुरे, निघेल आता." लगेच डॉक्टरांनी आपला तळवा तिच्या खांद्याच्या पुढच्या बाजूवर ठेवून हलकेच मागे दाबला आणि हात पुन्हा तेथवर नेला. आता तो पहिल्यापेक्षा पुढेही गेला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, आता नाही वाटत भीती."

मैत्रिणींनो, वाचलेल्या सगळ्या माहितीपेक्षा मला त्या तळव्याने जास्त शिकवले. सांधा गंजला नव्हता, आखडला नव्हता. पुढून आधार नाही हे शरीराला कळले होते, आणि म्हणून ते स्वतःच हात अडवून धरत होते. पुढून आधार आहे असे कळताच त्यानेच वाट मोकळी केली.

आता खांद्याला असा आधार लागतो तरी का? कंबरेखाली मांडीचा सांधा आहे, तो खोल वाटीत बसवलेल्या लाडवासारखा. लाडू हलतो, पण वाटीतून बाहेर पडत नाही. खांद्याला मात्र वाटी अशी नाहीच. तेथे पळीवर ठेवलेला लाडू आहे, आणि तोही पळीपेक्षा मोठा! दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग एका वेळी त्या उथळ खोबणीला टेकलेला असतो. कणकेची वळी काठाला लावावी तशी एक लवचिक कड खोबणीभोवती असते, तिने थोडी खोली येते. बाहेरून बंधांची पिशवी. आणि तिच्यावरून चार लहान स्नायू, जे हात हलताना लाडू पळीच्या मध्यावर दाबून धरतात. देवाने असे तकलादू काम का केले म्हणाल, तर आपला हात जितक्या दिशांना फिरतो तितका अंगातला दुसरा कोणताही सांधा फिरत नाही. मांडीसारखी खोल वाटी दिली असती, तर पाठीवरची वेणी पुढून घालावी लागली असती.

आणखी एक गोष्ट. ती पळीही स्थिर नाही. ती पाठीवरच्या फऱ्याचा भाग आहे, आणि फरा बरगड्यांवर सरकतो. हा भाग आम्हांला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी, ज्यांना सगळे फिजिओ म्हणतात त्यांनी, दाखवला. त्यांनी मुलीला पाठमोरी उभी केली, मला खुर्ची देऊन मागे बसवले, आणि तिला दोन्ही हात बाजूने सावकाश वर न्यायला सांगितले. सोळा वर्षे त्या पाठीला न्हाऊ घातले, पण असे कधी पाहिले नव्हते. डावीकडे हात वर जात होता आणि फरा त्याच्यामागे होडीसारखा संथ फिरत होता. हात सरळ आकाशाकडे जातो तेव्हा १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि सुमारे ६० अंश फऱ्याच्या फिरण्यातून. ढोबळ हिशेब, दोनाला एक. उजवीकडे हा हिशेब पार बिघडला होता. हात निघायच्या आधीच खांदा कानाशी जाऊन भिडत होता, फऱ्याची आतली कड पंखासारखी बाहेर येत होती, आणि फऱ्यावरचे मांस डावीपेक्षा उतरलेले स्पष्ट दिसत होते.

"तुमची मुलगी मानेने हात उचलते आहे," बाई म्हणाल्या. "सांध्यावर विश्वास नाही, म्हणून ती तो हलवीतच नाही. फरा आणि मान उचलून काम भागवते. आणि ज्या चार स्नायूंनी सांधा धरायचा, ते काम न मिळाल्याने रोडावले आहेत." मी विचारले, "म्हणजे मी हात जपला, त्यानेच हे झाले का?" त्या भल्या बाई. म्हणाल्या, "तसे अगदीच नाही. पहिल्या पडण्यात आतली कड सुटलेली असणार, ती तुमच्या जपण्याने सुटलेली नाही आणि जुळलीही नाही. पण राखणदारांना मात्र तुम्ही झोपवलेत."

पुढे एम.आर.आय. काढला, तेव्हा खोबणीची पुढची कड हाडापासून सुटलेली दिसली. शंभर निखळलेल्या खांद्यांतले पंचाण्णव किंवा अधिकच पुढच्या बाजूला निखळतात, त्यामुळे ही कडही बहुधा पुढेच सुटते. लंडनचे शल्यवैद्य बँकार्ट ह्यांनी १९२३ साली ह्या सुटलेल्या कडेकडे बोट दाखवले; तिला अजून त्यांचेच नाव आहे. तेव्हा डॉक्टरांनी हेही सांगितले, की विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा, त्यातून खेळणाऱ्या मुलांचा, पुन्हा निखळण्याचा संभव फार मोठा असतो. झोळी तीन आठवड्यांऐवजी सहा ठेवली म्हणून तो संभव कमी होत नाही. माझ्या जास्तीच्या चार आठवड्यांचा असा निकाल लागला!

घरी येऊन मी वाचत बसले. भूगोलाच्या बाईंना नकाशा पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. आपल्या सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात निखळलेला खांदा बसवण्याची कृती आहे: काखेत मुसळ घालून वर उचलावे आणि जागेवर आल्यावर स्वस्तिकाच्या आकाराची पट्टी बांधावी. आपल्या स्वयंपाकघरातले मुसळ तेथे भेटल्यावर मला फार गंमत वाटली. (ते आता कोणी करून पाहू नये, हे सांगायला नकोच.) ग्रीसच्या हिप्पोक्रेटिसाची तऱ्हा ऐकून मात्र अंगावर काटा आला. ज्यांचा खांदा वारंवार निखळे त्यांच्या काखेत तो तापवलेल्या लोखंडाने डाग द्यायला सांगे. हेतू असा, की व्रण आकसून सांध्याला खाली जागाच उरू नये.

हे वाचून आपण हळहळतो, पण विसाव्या शतकातले शल्यवैद्यही त्याच वाटेने बरेच चालले. इटलीचे पुट्टी आणि इंग्लंडचे प्लॅट ह्यांच्या जोडनावाने ओळखली जाणारी एक शस्त्रक्रिया होती. तिचे वर्णन १९४८ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे पुष्कळ वर्षे ती केली जात होती. तीत खांद्यापुढचा स्नायू आणि पिशवी एकावर एक दुमडून शिवत, पोलक्याला चूण घालावी तशी. खांदा निखळायचा थांबे. पण हात बाहेर वळेनासा होई. आणि काही जणांत वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या त्या सांध्यात लाडू पळीच्या मागच्या काठावर घासून घासून झीज होई, पन्नाशीच्या आत सांधा म्हाताऱ्यासारखा दुखू लागे. हे वाचले तेव्हा मला थोडे बरे वाटले, खोटे कशाला बोलू. जे मी ओरडून केले ते मोठमोठ्या शल्यवैद्यांनी सुईदोऱ्याने केले होते.

आजकाल तसे आवळत नाहीत. सुटलेली कड जिथल्या तिथे बसवतात. सप्टेंबर २०१५ मध्ये हिची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. तीन लहान भोके, आणि आत हाडात बसवलेल्या बारीक खुंट्यांना कड बांधलेली. ज्यांच्या खोबणीचे हाडच बरेच झिजले किंवा तुटले आहे त्यांना दुसरी शस्त्रक्रिया करतात. जवळच्या हाडाचा तुकडा स्नायूसकट आणून पुढे लावतात. ती फ्रान्सच्या लातारजे ह्यांनी १९५४ साली सांगितली. आम्हांला तिची गरज पडली नाही.

शस्त्रक्रिया हा सोपा भाग. खरे काम पुढचे सहा महिने. झोळीतच मनगट आणि बोटे हलवणे, मग टेबलावर फडके पुसत हात पुढे नेणे, मग भिंतीवर बोटे चालवत वर जाणे, मग रबराची पट्टी ओढणे. फिजिओबाई प्रत्येक वेळी तिचे फरे आरशात दाखवीत. पहिल्या दिवशीच त्यांनी मला बाहेर बसायला सांगितले होते. मला राग आला. नंतर मुलीने सांगितले, "आई, तू समोर असलीस की मी हाताकडे बघायच्या आधी तुझ्या तोंडाकडे बघते." ह्यावर काय बोलणार! मी सहा महिने बाहेरच्या बाकावर बसून पाच स्वेटर विणले.

आता थोडे इतरांविषयी. आपल्यात काही मुली जन्मतःच सैल सांध्यांच्या असतात. अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो, करंगळी उलटी उभी राहते, कोपर सरळ करताना मागे झुकते. अशा एखादीचा खांदा न पडता, न झडता पुढे, मागे, खाली कोठेही सरकतो. काही मुली तर मैत्रिणींना "बघ, मी खांदा काढून दाखवते" म्हणून गंमत करतात. ह्या गमतीला टाळ्या वाजवू नयेत; सवय लागली की पुढे तो नको तेव्हाही निघतो. अशा मुलींना बहुधा शस्त्रक्रिया आधी सुचवत नाहीत. आधी कित्येक महिने नेमाने व्यायाम.

आपल्या वयाच्या बायकांची तऱ्हा उलटी. चाळिशीनंतर पडून खांदा निखळला, तर तो पुन्हा पुन्हा निखळण्याचे भय पुष्कळ कमी. मात्र त्या चार स्नायूंच्या दोऱ्या जुन्या नाडीसारख्या झालेल्या असतात, त्या फाटतात. सांधा बसला, एक्स-रे चांगला आला, आणि तरी दोन-तीन आठवड्यांनी हात आपला आपण उचलता येत नसेल, तर "वय झाले" म्हणून बसू नका, पुन्हा दाखवा. आपल्या वयात झोळीत हात फार दिवस राहिला की आखडतोही लवकर. चाळीस ते साठच्या दरम्यान काही न होताही खांदा आखडण्याचे एक वेगळेच दुखणे येते, साखरेच्या रोग्यांत ते अधिक. त्यात दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही. ते निखळणे नव्हे, आणि त्याचे उपायही निराळे.

कोणाला फेपरे येऊन गेल्यावर किंवा विजेचा जोराचा झटका बसल्यावर हात बाहेर वळेनासा झाला, तर डॉक्टरांना तेवढे मुद्दाम सांगा. अशा वेळी खांदा मागे निखळतो आणि साध्या एक्स-रेत नजरेतून निसटू शकतो. घरात अर्धांगाचे माणूस असेल तर त्याला लुळ्या हाताला धरून कधीही उठवू नका. धरणारे स्नायूच निजलेले असतात, सांधा आपल्या ओझ्यानेच खाली उतरतो. आणि लहान मुलाला एका हाताने उचलून पायरी चढवली, मूल कळवळले आणि हात लोंबता राहिला, की आपण म्हणतो खांदा निघाला. तो बहुतेक वेळा कोपराचा सांधा सरकलेला असतो. डॉक्टर तो क्षणात बसवतात, पण आपण तसे उचलू नये हे उत्तम.

मुलीचे विचाराल, तर ती पुन्हा खो-खो खेळली. एक हंगाम, मग अभ्यासाने खेळ सुटला. उजवा हात बाहेर वळताना डाव्यापेक्षा किंचित कमी वळतो, तो तसाच राहिला आहे. तिला ते कळते, इतरांना दिसत नाही. गेल्या श्रावणात आमच्या शेजारी मंगळागौर होती. रात्री मुली झिम्मा खेळायला उभ्या राहिल्या, त्यांत हीही. हात वर गेले, टाळी वाजली, आणि माझ्या तोंडून "अगं, हा..." एवढे निघालेच. तिने तेथूनच डोळे वटारले. मी उठले, आत जाऊन सगळ्यांसाठी मसाल्याचे दूध गाळत बसले, आणि झिम्मा संपेपर्यंत बाहेर आले नाही.